मिलिमीटरभर उंचीचं पितळी अक्षर

[दृश्य : नवी दिल्लीचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय. 4502 क्रमांकाचं इंजिन, आधी लांबून, मग जवळून.]

कर्जत ते लोणावळा घाटात मालगाड्या चढवणाऱ्या या विजेच्या इंजिनाला रेल्वेतली माणसं 'खेकडा' म्हणत. कागदोपत्री हे डब्ल्यूसीजी-1. याला नाव मिळालं ते मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचं, सर लेस्ली विल्सन. रोमन लिपीत पंधरा अक्षरं.

1:87 प्रमाणाच्या मॉडेलवर हे नाव पितळेत उठवायचं आहे. मूळ अक्षराची उंची फोटोवरून अंदाजू नये, पट्टी धरून मोजावी. समजा ती 10 सेंटिमीटर भरली आणि अक्षराची रेघ दीड सेंटिमीटर जाड निघाली. मॉडेलवर उंची होते 1.15 मिलिमीटर आणि रेघ 0.17. एवढं बारीक काम छिन्नीने होत नाही. ते रासायनिक द्रावणाने पितळ खाऊन, म्हणजे एचिंगने करतात.

[दृश्य : काचेवर ठेवलेला पातळ पितळी पत्रा, शेजारी मायक्रोमीटर.]

पत्रा 0.25 मिलिमीटरचा. समोरून निम्मी जाडी खाल्ली जाते, अक्षरं आणि पाटीची किनार तेवढी उभी राहते. पाटीच्या बाहेरची रेषा दोन्ही बाजूंनी खाल्ली जाते, म्हणून तिथे पत्रा आरपार कापला जातो.

अडचण अशी की द्रावण फक्त खाली जात नाही, आडवंही खातं. 0.125 मिलिमीटर खोल जाताना ते अक्षराच्या दोन्ही कडांखाली साधारण 0.05 शिरतं. म्हणून 0.17 ची रेघ हवी असेल तर चित्रात ती 0.27 काढावी लागते. अक्षराची उंचीही 1.25 धरायची. आता इंग्रजी ई घ्या. तीन आडव्या रेघांचे 0.81 गेले, मधल्या दोन फटींना प्रत्येकी 0.22 उरले. फट याहून अरुंद झाली की तिच्यात ताजं द्रावण नीट फिरत नाही आणि तळाशी पितळ तसंच राहतं. संगणकावरचा तयार फाँट जसाच्या तसा वापरला की अक्षरं मरतुकडी निघतात, ती याच हिशेबामुळे. शेंड्यांना पाय असलेला फाँट तर या आकारात घेऊच नये, पाय आधी विरघळतात.

[दृश्य : पिवळ्या दिव्याखाली पत्र्यावर निळी फिल्म बसवताना.]

पत्रा बारीक पावडरीने घासून धुवावा. पाणी सलग पसरलं तर तो स्वच्छ. थेंब गोळा झाले तर तेलकटपणा आहे, आणि तिथेच फिल्म सुटणार. दोन्ही बाजूंना ड्राय फिल्म फोटोरेझिस्ट, म्हणजे उजेड पडेल तिथे घट्ट होऊन पितळ झाकणारी फिल्म, लॅमिनेटरमधून चढवायची. वर निगेटिव्ह. जे पितळ ठेवायचं ते पारदर्शक, जे खायचं ते काळं. निगेटिव्हची शाईची बाजू फिल्मला टेकलेली हवी. मध्ये पारदर्शक कागदाची जाडी आली तरी उजेड कडेखाली शिरतो आणि रेघ पसरते. पुढची-मागची निगेटिव्ह आधी एकमेकांवर जुळवून दोन कडांनी चिकटवायची आणि त्या पाकिटात पत्रा सरकवायचा.

अतिनील प्रकाश किती वेळ द्यायचा ते दिव्यावर अवलंबून आहे. कापलेल्या तुकड्यावर पायरीपायरीने वेळ वाढवत चाचणी घ्यावी, दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नये. मग उजेड न लागलेली फिल्म धुऊन काढायची : लिटरभर पाण्यात साधारण 10 ग्रॅम सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, आणि मऊ ब्रश.

[दृश्य : प्लास्टिकच्या टाकीत उभा टांगलेला पत्रा, खालून बुडबुडे.]

पितळ खाणारं द्रावण म्हणजे फेरिक क्लोराइड, 45 अंश सेल्सिअसच्या आसपास गरम, तळातून माशांच्या टाकीच्या पंपाची हवा. हातमोजे आणि चष्मा आधी, टाकी नंतर. दर दोन-तीन मिनिटांनी पत्रा वरचा खाली करावा, नाहीतर एक टोक आधी कापलं जातं आणि दुसऱ्या टोकाची वाट बघताना पहिल्याची अक्षरं जातात. द्रावण हिरवट काळं होऊन मंदावलं की ते बदलावं. जुन्या द्रावणात पत्रा जास्त वेळ ठेवून काम ओढलं की रेझिस्टच्या कडा उचलल्या जातात.

[दृश्य : 'लोणावळा' आणि 'खंडाळा', सुटी कापलेली देवनागरी अक्षरं.]

स्टेशनच्या नावाची आरपार कापलेली अक्षरं करायची असतील तर देवनागरी सोयीची. रोमन अक्षरं सुटी पडतात, एकेक चिमट्याने ओळीत बसवावी लागतात. 'लोणावळा' मात्र शिरोरेषेला धरून अखंड निघतं, ण चे दोन्ही भाग जागच्या जागी. 'खंडाळा' त्रास देतो, कारण अनुस्वार टाकीच्या तळाशी जातो. त्याला शिरोरेषेपर्यंत बारीक देठ ठेवावा. इथे पत्रा 0.15 चा घ्यावा आणि देठ द्रावणाने खाल्ल्यावरही त्याहून बारीक उरू नये. पत्र्याच्या जाडीपेक्षा अरुंद असं आरपार कापलेलं काहीही भरवशाचं नसतं.

पायऱ्या, खिडक्यांच्या चौकटी त्याच पत्र्यावर बसतात. घडीच्या जागी अर्धी खोल खाच असते आणि ती घडीच्या आत ठेवायची. बाहेर ठेवून वाकवलं की कोपरा तुटतो. घडी झाली की खाचेत आतून सोल्डर भरावं. हँडरेलसाठी 0.4 मिलिमीटरची तार पकडीत ओढून सरळ करावी.

[दृश्य : काचेवर पाटी कापताना पातं.]

पाटीला पत्र्याशी धरून ठेवणारे बारीक जोड कापून ती सोडवताना खाली काच किंवा पोलादी ठोकळा. मऊ कटिंग मॅटवर पातं दाबलं की पाटी वाकते आणि वाकलेली पाटी पुन्हा सपाट होत नाही. रंग आधी सगळ्यावर, अक्षरांवरही. पूर्ण वाळल्यावर काचेला चिकटवलेल्या 1500 नंबरच्या पॉलिश पेपरवर पाटी उलटी हलकेच फिरवायची, अक्षरांच्या माथ्यावरचा रंग तेवढा निघतो. लगेच पारदर्शक लॅकर, बोट न लावता. इंजिनावर बसवताना सुपरग्लू नको, त्याच्या वाफेने रंगावर पांढुरकी साय येते. इपॉक्सीचा ठिपका पुरतो.

वापरलेल्या द्रावणात तांबं असतं. ते मोरीत ओतायचं नाही. धुण्याचा सोडा थोडाथोडा टाकून फेस थांबेपर्यंत ढवळावं, गाळ बसू द्यावा आणि तो घातक कचरा उचलणाऱ्यांकडे द्यावा. बादली प्लास्टिकची, स्टीलची नव्हे.