चित्राची बदली होत नाही: बेसबॉल इयरबुकांची जुनी आणि नवी मुखपृष्ठं

[दृश्य: टेबलावर शेजारी शेजारी दोन अंक. डावीकडच्या मुखपृष्ठावर मोजक्या रंगांतलं व्यंगचित्र. उजवीकडच्यावर रात्रीचं स्टेडियम आणि पाच खेळाडू.]

अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम एप्रिलच्या सुमारास सुरू होतो. घरच्या मैदानावरच्या पहिल्या सामन्याला इयरबुक, म्हणजे संघाचा वार्षिकांक, फाटकापाशी विक्रीला हवा. आता तिथून उलटं मोजत या. आधी बांधणी, त्याआधी छपाई, त्याआधी प्लेटा, त्याआधी रंगांच्या फिल्म. मुखपृष्ठाचा निर्णय भर थंडीत घ्यावा लागतो, आणि संघ खेळाडूंची देवाणघेवाण करतात तीही थंडीतच. जानेवारीत ज्याचा फोटो मुखपृष्ठासाठी निवडला, तो एप्रिलमध्ये दुसऱ्याच संघाची टोपी घालून उभा असू शकतो.

जुन्या मुखपृष्ठांवर इतकी व्यंगचित्रं का, याचं उत्तर बरेच जण ‘तो काळच गोड होता’ असं देऊन मोकळे होतात. तो काळ गोड असेलही, पण छापखान्याचं कॅलेंडर मात्र कडक होतं. खेळाडूची बदली होते, चित्राची होत नाही.

[दृश्य: फाटकी टोपी, वाढलेली दाढी, ठिगळांचे कपडे घातलेला माणूस.]

हा न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा ‘बम’. मराठीत फटिंग म्हणा. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड-टेलिग्राम या दैनिकाचे क्रीडा व्यंगचित्रकार विलार्ड मलिन यांनी 1930 च्या दशकात तो काढला. एका टॅक्सीवाल्यानं ब्रुकलिनच्या डॉजर्स संघाबद्दल विचारलं, “आपल्या फटिंगांनी आज काय दिवे लावले?” आणि त्यावरून हे पात्र सुचलं, असा किस्सा सांगतात. संघाला ही शिवी झोंबायला हवी होती. पण 1950 च्या दशकात ब्रुकलिन डॉजर्सनं हाच फटिंग आपल्या इयरबुकच्या मुखपृष्ठावर बसवला. ऐन मोक्याला हरणाऱ्या, तरी आपल्या माणसांना हव्याहव्याशा वाटणाऱ्या संघाचा चेहरा म्हणून याहून नेमकं काही सापडलं नसतं. 4 ऑक्टोबर 1955 ला डॉजर्सनं न्यूयॉर्कच्याच यँकीज संघाला हरवून ब्रुकलिनसाठी पहिली आणि एकमेव वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, जिंकली. 1957 च्या हंगामानंतर संघ लॉस एंजेलिसला गेला.

1962 मध्ये न्यूयॉर्कला नवा संघ मिळाला, मेट्स. रंग दोन: निघून गेलेल्या डॉजर्सचा निळा आणि तसाच निघून गेलेल्या शहरातल्या दुसऱ्या संघाचा, जायंट्सचा, नारिंगी. पहिल्या इयरबुकच्या मुखपृष्ठासाठी पुन्हा मलिनच, आणि त्यांनी काढलं लंगोटातलं बाळ. त्या हंगामात मेट्सनं 40 सामने जिंकले आणि 120 गमावले. मुखपृष्ठ त्याआधी छापून झालं होतं, तरी चुकलं नाही. बाळाकडून आणखी काय अपेक्षा करणार?

सिनसिनाटीची गोष्ट वेगळी. संघाचं नाव रेड्स, पण अमेरिकेत कम्युनिस्टांविरुद्ध वातावरण तापलेलं असताना ‘रेड’ म्हणवून घेणं अडचणीचं झालं. 1953 ते 1958 संघ अधिकृतपणे ‘रेडलेग्ज’ झाला. त्याचा मिशाळ, चेंडूडोक्या मिस्टर रेड मात्र या सगळ्यात हसतच राहिला.

प्रत्येक जुनं चित्र निरागस होतं असं नाही. क्लीव्हलँडचा ‘चीफ वाहू’, मूळ अमेरिकी माणसाचं ते दात विचकणारं व्यंगचित्र, 1947 चं, आणि 1951 पासून लालभडक. 2018 च्या हंगामानंतर ते गणवेशावरून उतरलं, आणि 2022 पासून संघाचं नावही गार्डियन्स झालं. त्या काळातली क्लीव्हलँडची मुखपृष्ठं रेषेच्या बाबतीत वाकबगार आहेत. पाहताना दोन्ही गोष्टी एकदमच दिसतात.

[दृश्य: भिंगाखाली जुनं मुखपृष्ठ. सपाट निळा रंग, शेजारी काळी रेघ.]

आता हे छापत कसं होते ते पाहू. चित्रकार जाड कार्डावर काळ्या शाईनं रेघ काढून देई. रंग मूळ चित्रात नसतच. प्रत्येक रंगासाठी वेगळी पारदर्शक फिल्म चित्रावर ठेवून तेवढाच भाग कापला जाई. निळ्याची एक, लालची एक. दोन रंग जिथे भेटतात तिथे एक दुसऱ्याखाली केसभर सरकवायचा, म्हणजे कागद यंत्रात जरासा हलला तरी मधे पांढरी फट दिसत नाही. पण रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, फारच हललं की फटिंगाची दाढी गालाच्या बाहेर लोंबते. काही संग्राहकांना तीच प्रत लाडकी वाटते. आमच्या मते ती नुसती बिघडलेली छपाई आहे.

या पद्धतीचा फायदा मोठा होता: निळा म्हणजे निळ्या शाईचा सलग थर, ठिपके नाहीत. अंकांचा गठ्ठा हातावर घेऊन ओरडत फिरणारा विक्रेता दहा ओळी पलीकडे असला तरी मुखपृष्ठ कळायचं. खर्चही कमी. अंकाची किंमत 50 सेंटच्या आसपास असताना चार रंगांची (सायन म्हणजे आकाशी निळा, मजेंटा म्हणजे गुलाबी-लाल, पिवळा आणि काळा) फिल्म परवडवणं सोपं नव्हतं.

मग फोटो आले, तेही टप्प्याटप्प्यानं. आधी मुखपृष्ठापुरता एक रंगीत फोटो, आतली पानं काळीपांढरी. हा फोटो बहुतेकदा वसंत सरावात, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये फ्लोरिडात किंवा ॲरिझोनात काढलेला. ओळखायची खूण सोपी: खेळाडूमागे गॅलरी नसते, तारेचं कुंपण किंवा ताडाचं झाड असतं. बॅट खांद्यावर आणि नजर कॅमेऱ्याच्या जरा वर. खेळाडू नुकताच संघात आला असेल तर टोपीवरचं जुनं अक्षर एअरब्रशनं पुसून नवं रंगवलेलं सापडतं. अक्षर टोपीच्या गोलाईबरोबर वळत नसेल तर ते हातानं काढलेलं आहे.

1970 च्या दशकात गणवेशच भडक झाले. ओकलंडचा हिरवा-सोनेरी, 1975 पासून ह्यूस्टनचे पिवळ्या-नारिंगी-लाल पट्टे. इथे छापखान्याची खरी परीक्षा. ऑफसेट यंत्रावर शाई कमी-जास्त करण्याचे खटके कागदाच्या रुंदीभर ओळीनं असतात, आणि एक खटका वरपासून खालपर्यंत एक अख्खा पट्टा सांभाळतो. नारिंगी खुलवायला मजेंटा वाढवला की त्याच पट्ट्यातला चेहराही लालबुंद होतो. चेहरा सावरला तर जर्सी फिकी पडते. त्या काळातल्या मुखपृष्ठांवर उन्हानं भाजल्यासारखे खेळाडू दिसतात, त्यात फ्लोरिडाच्या उन्हाचा वाटा थोडा, मजेंटाचा जास्त.

आणि ट्रेडचा धोका कायम. देवाणघेवाणीची मुदत तेव्हा 15 जूनला संपायची. 1977 मध्ये नेमक्या त्याच दिवशी टॉम सीव्हर या आपल्या नावाजलेल्या पिचरला मेट्सनं सिनसिनाटीला देऊन टाकलं. इयरबुकवाल्यांचा जुना इलाज होता हंगामाच्या मधे सुधारित आवृत्ती काढायचा. मेट्सच्या अंकांवर तसं छापलेलंही असतं. त्यामुळे एकाच वर्षाचे दोन अंक हातात आले तर मुखपृष्ठ सारखं म्हणून एक परत करू नका. आधी आतली खेळाडूंची पानं जुळवा.

[दृश्य: उजवीकडचा नवा अंक जवळून.]

फोटोशॉप 1990 चं. त्यानंतर फोटो ‘काढण्या’पेक्षा ‘जुळवण्या’चं काम वाढलं. आजच्या नेहमीच्या मुखपृष्ठावर चार-पाच खेळाडू, प्रत्येक जण वेगळ्या दिवशी, वेगळ्या उजेडात टिपलेला. त्यांना कापून, मोठं-लहान करून, रात्रीच्या स्टेडियमसमोर उभं करतात. मधला सर्वात मोठा, बाकीचे खांद्यामागे, खाली थोडा धूर. ट्रेडचा धोका अशा प्रकारे पाच जणांत वाटला जातो. एक जण गेला तर फाईलमधला त्याचा थर काढायचा आणि शेजाऱ्याला जरा सरकवायचं. प्लेट व्हायच्या आदल्या दिवशीसुद्धा हे जमतं. जुन्या चित्रकारानं जे काम एका पात्रावर भागवलं, ते आता थर भागवतात.

पण बिघडतं कुठे? आधी नाकाची सावली पाहा. मधल्याची डावीकडे आणि शेजाऱ्याची उजवीकडे पडत असेल तर डोळ्याला काहीतरी खटकतं, कारण सांगता आलं नाही तरी. दुसरं म्हणजे कडा. दुपारी हिरवळीवर काढलेला फोटो कापून काळ्या आभाळावर ठेवला की पांढऱ्या बाहीभोवती हिरवट किनार राहते. आणि तिसरं, गर्दी: हे मुखपृष्ठ फोनवर दोन सेंटिमीटरचं करून पाहा. पाच चेहऱ्यांची खिचडी होते. 1962 चं बाळ त्या आकारातही बाळच दिसतं.

रंगाचीही अडचण आहे. डॉजर्सचा निळा म्हणजे पँटोन 294, तयार मिसळलेली शाई. तोच निळा चार रंगांतून काढताना मजेंटा सायनच्या फार जवळ गेला की जांभळा होतो. दोघांत निदान 30 टक्क्यांचं अंतर ठेवायचं, हा जुना नेम. ज्यांना परवडतं ते पाचवी शाई लावतात. काळ्या रात्रीचंही तसंच. चारही शाया मिळून 300 टक्क्यांच्या वर गेल्या तर कागद वेळेत वाळत नाही आणि वरच्या तावाच्या पाठीला डाग पडतात.

मग तो काळा रंग अंकाच्या कण्यावरून जातो आणि घडीवर फुटतो. दोन-चार वेळा अंक उघडला की पांढरी रेघ. कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, कण्याला समांतर हवा, आणि जाड आर्ट कार्ड असेल तर घडीआधी क्रीझ, म्हणजे दाबून पाडलेली खाच, मारून घ्यायला हवी. जुन्या अंकांचं पांढरं किंवा फिकं मुखपृष्ठ या बाबतीत सुखी होतं. त्याचं दुखणं पिना: सेंटर पिना गंजतात, गंज कागदात उतरतो, आणि शेवटी मुखपृष्ठ पिनेपाशीच फाटून सुटं होतं.

[दृश्य: दहा पट भिंग. एका अक्षराची कड.]

अंक कोणत्या काळातला, हे मुखपृष्ठच सांगतं. लाल-निळ्यात पांढरी फलंदाजाची आकृती, म्हणजे मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेचं बोधचिन्ह, दिसलं तर 1969 किंवा नंतरचा. छातीवर नायकीची खूण असेल तर 2020 किंवा नंतरचा. बाहीवर जाहिरातीचा तुकडा असेल तर 2023 किंवा नंतरचा.

आणि अस्सल की नक्कल, तेही इथेच कळतं. जुन्या रेषाचित्राची काळी कड भिंगाखाली सलग दिसायला हवी, सपाट निळाही सलग. तिथे चार रंगांच्या ठिपक्यांची फुलं दिसली तर कुणीतरी मूळ अंक स्कॅन करून पुन्हा छापला आहे. फोटोच्या मुखपृष्ठाला ही कसोटी लावू नका, तिथे ठिपके मुळातच असतात. तिथे अक्षरं पाहा: मूळ छपाईत शीर्षकाची कड धारदार असते, नकलेत तीही ठिपक्यांत विरघळते.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून असे अंक मागवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. यातले बहुतेक अंक 8.5 बाय 11 इंचांचे, म्हणजे साधारण 216 बाय 279 मिलिमीटरचे. आपला ए-फोर 210 बाय 297. त्यामुळे दुकानातल्या ए-फोर पिशवीत अंक उंचीला बसतो आणि रुंदीला 6 मिलिमीटर अडतो. जोर लावला की उघडणारी कड चुरगळते. पिशवी मोठ्या मापाची घ्या, पॉलिप्रॉपिलीनची, पीव्हीसीची नको, कारण ती कालांतरानं चिकट होऊन शाई ओढते. मागे आम्लमुक्त पुठ्ठा, अंक उभा, आणि कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट टाळा. पिना आधीच गंजल्या असतील तर त्या उपटायला जाऊ नका. दोन्ही टोकं आतून हळू सरळ करून मगच बाहेर सरकवायच्या, आणि कागद पिनेला चिकटला असेल तर तिथेच थांबायचं.