ऐकायला कोण येतं?

नमस्कार मंडळी.

आपल्या मंडळाच्या समितीने मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि बाराव्या मिनिटाला वडे तळायला घेणार असल्याचंही सांगून ठेवलंय. तेव्हा वास यायला लागला की माझं भाषण संपलं असं समजायला हरकत नाही. मीही तसंच समजेन.

विषय मोठा भारदस्त आहे : राष्ट्रीय सिंफनी वाद्यवृंद आणि सांस्कृतिक देवाणघेवाण. तो माझ्याकडे आला कारण माझी मुलगी शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवते. बापाचं भांडवल एवढंच. मी स्वतः आठवीत पेटीच्या क्लासला चार महिने जाऊन 'सारेगम'च्या पुढे न सरकलेला माणूस आहे.

ती ऑर्केस्ट्रात लागली तेव्हा मी हौसेने आईला फोन केला. तिकडे क्षणभर शांतता. मग काळजीचा आवाज : "ऑर्केस्ट्रात? अरे, मग तिच्या शिक्षणाचं काय?" आईच्या डोळ्यांसमोर गणपतीतला मांडव, चकचकीत कोट घातलेला निवेदक आणि रात्री बाराला 'एक फर्माईश आलेली आहे' हे सगळं उभं राहिलेलं. "गाते की निवेदन करते?" म्हटलं, व्हायोला वाजवते. "म्हणजे व्हायोलिन." म्हटलं, नाही, त्याची थोरली बहीण, जरा जाड, जरा खालच्या सुरातली. आई म्हणाली, "मग थोरलीला कशाला दिलं, धाकटी रिकामी नव्हती का?"

आता तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. तेव्हापासून ती माझ्या डोक्यातून जात नाहीये.

इथे वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरला नॅशनल सिंफनी या वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता. द्वोर्झाक या संगीतकाराची नववी सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची चार भागांची मोठी रचना, जिला 'न्यू वर्ल्ड' म्हणतात ती. मुलीच्या शाळेत तिचीच सोपी आवृत्ती बसवताहेत, म्हणून दोघं गेलो. महिनाभर घरात मी तिचा सराव ऐकत होतो. सराव कसला, एकच सूर लांब ओढायचा, मग दुसरा लांब ओढायचा. एकदा न राहवून विचारलं, "बाळा, यात चाल कुठाय?" ती म्हणाली, "चाल दुसऱ्याकडे आहे."

तिथे दुसरा भाग सुरू झाला. आधी पितळी वाद्यांचे गंभीर सूर, मग सगळ्या तंतुवाद्यांना आवाज दबवणारे म्यूट लावलेले आणि त्यांच्या वर कॉर आंग्लेची ती चाल. ओबो या फुंकवाद्याच्याच घराण्यातलं हे वाद्य, लांब आणि टोकाला फुगीर. सनई रडून रडून शांत झाल्यावर कशी बोलेल, तसं बोलतं. खाली व्हायोलांचे तेच लांब सूर, माझ्या घरातले. मला एकदम कळलं की ते सूर काढून घेतले तर ती चाल हवेत लोंबकळेल. चालीने सम गाठली, म्हणजे मला तरी ती सम वाटली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वाऽऽ, क्या बात है!"

मंडळी, केनेडी सेंटरच्या कॉन्सर्ट हॉलमध्ये दोन हजारांहून जास्त माणसं बसतात. त्यांतली जवळची दीडशे तरी वळली. माझी कन्या खुर्चीत इतकी खाली घसरली की शेजारच्या बाईंना वाटलं तिला भोवळ आली. वर भाग संपल्यावर मी टाळ्याही वाजवल्या. चारही भाग संपल्याशिवाय वाजवायच्या नसतात, हे मला ठाऊक होतं. हात ऐकेनात.

परतताना रूझवेल्ट पूल ओलांडेपर्यंत ती बोलली नाही. मग बोलली ते थांबेना. मी माझी बाजू लावून धरली : आपल्याकडे दाद देणं हाच ऐकण्याचा पुरावा असतो, गाणाऱ्यालाही ती हवी असते, मुंडी गाडून बसणं म्हणजे काही ऐकणं नव्हे. बापाचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. मग ती म्हणाली (तिचं मराठी तुम्हाला माहीत आहे, क्रियापदं कुठेही बसतात) : "बाबा, तू म्हणतो आपल्याकडे दाद देते. मंडळात सगळे भेटायला येतात. ऐकायला कोण येतं?"

मी म्हटलं, वाद घालू नकोस. उत्तर नसलं की आपण बापलोक हेच म्हणतो.

गेल्या संक्रांतीला इथे, याच हॉलमध्ये, भारतातून आलेल्या एक बाई यमन गात होत्या. विलंबित चालू असताना मागच्या दारापाशी कोणाचा तरी ग्रीन कार्डाचा किस्सा रंगला होता. तो किस्सा कोण सांगत होतं ते मी सांगणार नाही, कारण ते मीच होतो. माझी मुलगी दुसऱ्या रांगेत बसली होती. तिने काय काय ऐकलं असेल याचा हिशोब मी आता लावतोय.

आता जरा या वाद्यवृंदाबद्दल, कारण विषयाला धरून बोललं नाही तर समिती पुन्हा बोलावणार नाही. नॅशनल सिंफनी १९३१ सालची, ऐन मंदीतली. लोकांना खायचे वांधे होते आणि एक गृहस्थ राजधानीला वाद्यवृंद हवा म्हणून वर्गणी मागत फिरत होते. आपल्या मंडळाच्या खजिनदारांना हे दुःख समजेल. ते गृहस्थ म्हणजे हान्स किंडलर, मूळचे हॉलंडचे चेलोवादक. पुढे संचालक म्हणून डोराती आले, ते हंगेरीचे. रोस्ट्रोपोविच रशियाचे, एशेनबाख जर्मनीचे, २०१७ पासूनचे नोसेडा इटलीचे. नाव 'नॅशनल', आणि काठी बहुतेक वेळा बाहेरून आलेल्याच्या हातात. मला यात भारी गंमत वाटते.

त्यातले रोस्ट्रोपोविच तर बघा. सोल्झेनित्सिन या बंडखोर लेखकाला घरात आसरा दिला म्हणून सोव्हिएत सरकारची खप्पामर्जी झाली. १९७४ मध्ये देश सोडला, १९७७ मध्ये नॅशनल सिंफनीचे संचालक झाले आणि १९७८ मध्ये तिकडच्या सरकारने नागरिकत्वच काढून घेतलं. म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय म्हणवणाऱ्या वाद्यवृंदाच्या प्रमुखाला बारा वर्षं स्वतःचं राष्ट्र नव्हतं. १९९० मध्ये हाच वाद्यवृंद घेऊन ते मॉस्कोला परतले. सोळा वर्षांनी. पुढे १९९३ च्या सप्टेंबरात, तिकडे संसद आणि राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन एकमेकांच्या उरावर बसलेले असताना, याच लोकांनी रेड स्क्वेअरमध्ये उघड्यावर चायकोव्हस्की वाजवला. सरकारी शिष्टमंडळं जातात तेव्हा माणसं भाषण करतात. इथे शंभर माणसं जाऊन दुसऱ्याचं संगीत त्याच्याच अंगणात वाजवून दाखवतात, चुकलं तर पहिल्यांदा यजमानालाच कळणार. एवढी छाती लागते.

आणि आपल्यासाठीची गोष्ट म्हणजे झाकीरभाई. त्यांचा तबल्याचा कॉन्चेर्टो, म्हणजे एक वाद्य पुढे आणि वाद्यवृंद साथीला अशी रचना, 'पेशकार', आधी मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने २०१५ मध्ये सादर केला. हा एनसीपीएमधला वाद्यवृंद, २००६ सालचा, त्याची घडण एका कझाक व्हायोलिनवादकाच्या हाताखाली झालेली. अमेरिकेत 'पेशकार' पहिल्यांदा झाला २०१७ च्या एप्रिलमध्ये, इथे, केनेडी सेंटरला, नॅशनल सिंफनीबरोबर. समोर नोटेशनचे कागद घेऊन बसलेली गोरी मंडळी आणि मधोमध तबला. त्यांच्याकडे ओबो सूर देतो आणि त्यावर सगळे लावून घेतात, तिथे आता एक हातोडीवाला माणूस! आम्ही किती अभिमानाने गेलो होतो. फोटो अजून फोनमध्ये आहेत.

आता हात वर करू नका, नुसतं मनात उत्तर द्या. त्यानंतर नॅशनल सिंफनी ऐकायला, मंचावर आपला माणूस नसताना, किती जण गेलात? मी गेलो तो थेट आठ-नऊ वर्षांनी, तोही मुलीच्या शाळेपायी, आणि गेलो तो असा.

आपली देवाणघेवाण म्हणजे शाळेच्या इंटरनॅशनल नाइटला मोदकाचं टेबल. नऊवारीतल्या सहा जणी, एक लेझीम, संपलं. लोक मोदक खातात, 'लव्हली' म्हणतात, आपण खूश. आपण शेजारच्या टेबलावर इथिओपियाच्या लोकांनी काय मांडलं होतं ते बघायला कधी गेलो? आपल्याला घेवाणीचा कंटाळा आहे. तसं बघितलं तर पूर्वी नव्हता. पेटी कुठून आली? युरोपातून. आज तिच्याशिवाय नाट्यगीत उभं करून दाखवा. बालगंधर्वांच्या साथीला एका बाजूला तबल्यावर थिरकवाँसाहेब आणि दुसऱ्या बाजूला ऑर्गन, चर्चमधल्या घराण्यातला. गजाननबुवांच्या हातात व्हायोलिन. आमच्या आजोबांनी यातलं एकही 'बाहेरचं' म्हणून ऐकलं नाही. उलट आकाशवाणीवरच १९४० पासून तीस वर्षं पेटी एकलवादनालाच काय, साथीलाही नको म्हणून बंद होती, आणि तरीही घराघरांत ती वाजतच राहिली. आणि गोव्याच्या मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस? 'अमर अकबर अँथनी'तलं ते गाणं आपल्यापैकी प्रत्येकाने अंड्यातून बाहेर येण्याचा अभिनय करत म्हटलेलं आहे. ते नाव संगीतकार प्यारेलालजींच्या व्हायोलिनच्या गुरुजींचं. त्या गुरुजींनी १९५८ मध्ये मुंबईत शंभरावर वादक जमवून रागांवर सिंफनी लिहिली, लताबाई आणि मन्ना डे यांना त्यात गायला लावलं. आपण गुरुजींचं नाव गाण्यात ठेवलं आणि त्यांचं संगीत विसरलो.

पण मी पुन्हा त्या द्वोर्झाकवर येतो, कारण घरी येऊन रात्री मी त्याच्याबद्दल वाचत बसलो. झोप येत नव्हती, पोरीने झोपू दिलं नाही. हा बोहेमियाचा माणूस १८९२ मध्ये न्यूयॉर्कला आला, एका संगीतशाळेचा प्रमुख म्हणून, वर्षाला १५,००० डॉलरवर. (एच-वनवाल्यांनी आत्ता हिशोब करू नये, त्रास होईल.) आपल्यासारखाच : नोकरीसाठी आलेला, घरच्या आठवणीने कासावीस. तिथे हॅरी बर्ले नावाचा एक काळा विद्यार्थी होता. त्याचे आंधळे आजोबा गुलामगिरीतून सुटलेले, त्यांच्याकडून शिकलेली गाणी तो म्हणायचा. द्वोर्झाक त्याला घरी बोलवायचा आणि गायला लावायचा. नुसता बसून ऐकायचा. मग जाहीरपणे म्हणाला की या देशाचं संगीत याच्यातूनच यायला हवं. १८९३ सालच्या अमेरिकेत! त्यानंतर तब्बल शेहेचाळीस वर्षांनी, १९३९ मध्ये, याच वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये, जिथे नॅशनल सिंफनी वाजवायची, मॅरियन अँडरसन या गायिकेला काळी म्हणून गाऊ दिलं नव्हतं. ती लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर गायली.

कॉर आंग्लेची ती चाल सगळ्यांना जुनं लोकगीत वाटते. ती त्याची स्वतःची आहे, शब्द तर १९२२ मध्ये एका विद्यार्थ्याने नंतर बसवले. पण ऐकलेलं कुठेतरी मुरलं असणार.

सिंफनी संपवून त्या उन्हाळ्यात तो आयोवातल्या स्पिलव्हिल नावाच्या खेड्यात गेला. तिथे सगळी चेक माणसं, चेक चर्च, आपलीच भाषा. म्हणजे मंडळच की! खूप रमला तिथे, चांगलं लिहिलंही. पण ही सिंफनी लिहून झाली होती त्याच्या आधी, न्यूयॉर्कात, परक्यांत बसून.

मला मंडळाविरुद्ध बोलायचं नाही. मंडळ नसतं तर पहिल्या हिवाळ्यात मी परतीचं तिकीट काढलं असतं, आणि इथल्या अनेकांनी मला तेव्हा कशी गाडी शिकवली, कोणाच्या सोफ्यावर मी किती महिने झोपलो, हे सांगायला लागलो तर वडे करपतील. आपण भेटायला येतो हे खरंच आहे, आणि भेटण्याची गरज काही लहान नाही. पण पोरीचं वाक्य जात नाही. ती व्हायोला वाजवते. तिचं अर्धं काम दुसऱ्याची चाल ऐकत आपला सूर धरून ठेवणं हेच आहे. हे ती माझ्याकडून शिकली नाही. या हॉलमध्येही शिकली नाही. मग आपल्याकडचं तिने नेमकं काय घेतलं, आणि ज्या दिवशी आपण नसू त्या दिवशी ती त्यातलं काय वाजवेल, हे मला कळत नाही. तुम्हाला कळलं तर सांगा.

मी समितीपुढे एक प्रस्ताव ठेवला होता. पुढच्या मेळाव्यात अर्धा तास फक्त ऐकण्याचा ठेवायचा. दारं बंद, स्वयंपाकघर बंद, घोषणा बंद. पहिली पंधरा मिनिटं आपलं कोणीतरी गाईल, पुढची पंधरा मिनिटं मुलांच्या शाळेतलं चौघांचं वाद्यपथक वाजवेल, त्यांच्या आईवडिलांनाही बोलवायचं. दाद मात्र मनसोक्त द्यायची, ती अट माझी. समितीत यावर पाऊण तास चर्चा झाली, त्यातली चाळीस मिनिटं जेवणाची वेळ किती पुढे जाईल यावर. अखेर अर्ध्या तासाची वीस मिनिटं झाली आणि दारं 'शक्यतो' बंद ठेवायची ठरली.

घरी येऊन मुलीला विचारलं, वाजवाल का तुम्ही चौघं? तुझ्या मैत्रिणींना आणशील का इथे?

ती फोनमधून मान वर न करता म्हणाली, "बघू."

हे 'बघू' मात्र तिने नक्की माझ्याकडूनच उचललंय.