ग्रे माउंटन: माणसं जमली, थरार हुकला

(ड्रोन शॉट. धुकं, हिरव्या डोंगररांगा, मग मधेच एक करडं सपाट पठार.)

मधेच हे जे सपाट दिसतंय ना, तिथे डोंगर होता. व्हर्जिनिया राज्याचा नैर्ऋत्य कोपरा आहे हा, पलीकडे केंटकीची हद्द लागते. वॉशिंग्टनच्या आसपास आपली एवढी मराठी मंडळी राहतात, पण त्यातले फार थोडे इकडे फिरकतात कारण गाडीने सहा-सात तास लागतात आणि बघायला तसं काही नाही असंच सगळे सांगतात. आम्ही आलो ते एका पुस्तकापायी. जॉन ग्रिशमची 'ग्रे माउंटन' ही कादंबरी, २०१४ साली आलेली. त्यातलं ब्रेडी नावाचं गाव काल्पनिक आहे, नकाशात सापडणार नाही, पण डोंगर हेच आणि कोळसाही हाच.

(पुस्तकाचा क्लोजअप. लायब्ररीची प्रत, पानांचे दुमडलेले कोपरे.)

कोर्टकचेरीचे थरार लिहिणारा हा अमेरिकन लेखक ग्रिशम आपल्याकडे नवा नाही, मेहता पब्लिशिंग हाऊसने त्याची बरीच पुस्तकं मराठीत आणली आणि 'द फर्म' एका बैठकीत संपवलेले लोक घरोघरी भेटतील. त्यामुळे हे पुस्तक हातात घेताना अपेक्षा काय असते ते वेगळं सांगायला नको. पुढे थोडी गोष्ट फुटणार आहे, ज्यांना आधी वाचायचंय त्यांनी व्हिडिओ इथेच थांबवा.

२००८चा सप्टेंबर. लेहमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक बुडाली आणि न्यूयॉर्कच्या एका बड्या लॉ फर्ममधली तरुण वकील समँथा कोफर एका झटक्यात घरी बसली. फर्म म्हणते, वर्षभर कुठल्यातरी संस्थेत बिनपगारी काम कर, तुझा हेल्थ इन्शुरन्स आम्ही चालू ठेवतो. ती येते ब्रेडीच्या लीगल एड क्लिनिकमध्ये, जिथे गरिबांच्या केसेस फुकट लढवतात. क्लिनिक चालवते मॅटी वायट. मॅटीचा भाचा डोनोव्हन ग्रे हाही वकील, तो एकटा कोळसा कंपन्यांना कोर्टात खेचतो, कारण त्याच्या घराण्याचा डोंगर कंपनीने पोखरून संपवला आणि त्या पायी त्याची आई गेली.

माणसं बघा कशी उभी केलीत. मॅटीच्या ऑफिसमध्ये एक बाई येते, दोन पोरांना घेऊन गाडीत राहणारी, जुन्या क्रेडिट कार्डच्या देण्यापायी पगारावर जप्ती आली म्हणून नोकरीही गेलेली. आत्तापर्यंत फक्त उंच बिल्डिंगांची कागदपत्रं तपासलेली समँथा त्या बाईसाठी पहिल्यांदा कुणाशी तरी भांडायला उभी राहते, तिथे पुस्तक खरंच पकड घेतं.

(ड्रोन परत. खडक फोडलेले कडे, खाली पिवळी यंत्रं मुंगीएवढी.)

डोनोव्हन समँथाला छोट्या सेसना विमानातून वरून हेच दाखवतो. ही पद्धत नीट समजून घ्या, कारण पुस्तकाचा जीव इथे आहे. आधी झाडं साफ करतात, जंगलच्या जंगल. मग वरची माती बाजूला लोटतात. मग खडकात भोकं पाडून त्यात अमोनियम नायट्रेट आणि डिझेलसारख्या तेलाचं मिश्रण भरतात आणि सुरुंग उडवतात. कोळशाचा थर डोंगराच्या पोटात आडवा पसरलेला, कधीकधी जेमतेम काही फूट जाडीचा, आणि त्याच्यावर शेकडो फूट दगड. तो सगळा दगड ड्रॅगलाइन नावाचं अजस्र यंत्र उचलतं आणि शेजारच्या दरीत ओततं. दरीत ओढा असेल तर ओढा गेला. कोळसा धुतल्यावर उरणारा काळा गाळ बांध घालून साठवतात. असा एक बांध १९७२ साली वेस्ट व्हर्जिनियातल्या बफेलो क्रीकला फुटला, १२५ माणसं गेली. केंटकीच्या मार्टिन काउंटीत २००० साली गाळाच्या तलावाचा तळ खचला आणि सुमारे ३० कोटी गॅलन गाळ ओढ्यांमध्ये उतरला.

१९७७चा केंद्राचा कायदा सांगतो की खाणकाम झाल्यावर जमीन साधारण मूळच्या आकारात परत आणा. त्याच कायद्यात डोंगरमाथा काढणाऱ्या खाणींना त्यातून सूट मिळायची सोयही आहे, म्हणून हे पठार असं दिसतं.

(रस्ता. कडेला घरं, घरांच्या मागे लगेच उतार.)

कादंबरीत खाणीवरून सुटलेला एक धोंडा घरात घुसतो आणि दोन भाऊ जातात. ही कल्पना वाटते ना? २००४ साली इथेच, वाइज काउंटीतल्या इनमन गावात, रात्री खाणीवरून घरंगळलेला धोंडा घराची भिंत फोडून आत आला आणि तीन वर्षांचं झोपलेलं मूल गेलं. कंपनीला दंड झाला १५ हजार डॉलर.

(पाच सेकंद नुसतं दृश्य.)

आता एवढं सगळं हाताशी असताना थरार का जमत नाही? सांगतो. ग्रिशमने नेहमीची सगळी हत्यारं काढलीत, पाठलाग करणाऱ्या गाड्या, फोनवर पाळत, कंपनीतून पळवलेली कागदपत्रं गुहेत लपवलेली, एफबीआयची धाड. आणि अर्ध्यावर डोनोव्हनचं विमान पडतं. पुस्तकातला सगळ्यात पेटलेला माणूस निम्म्यातच जातो, त्याच्या अपघाताचा छडा पुढे नीट लागतच नाही, आणि कागदपत्रांवरून कोर्टात जे रण पेटायला हवं ते शेवटपर्यंत पेटत नाही. उरते समँथा, जी राहू की जाऊ याच विचारात पानंच्या पानं घालवते. मला ती आवडली, मनापासून आवडली, पण तिला कुणी कोंडीतच पकडत नाही.

माझं म्हणणं असं की या पुस्तकातला खरा ताण बडी रायझर नावाच्या माणसाच्या केसमध्ये होता आणि ग्रिशमने तिला बाजूला बसवलं.

(म्युझियम, बिग स्टोन गॅप. हेल्मेट, दिवे, जुनी अवजारं. मग एक्स-रेचा फोटो, पांढरे डाग.)

रायझर खाणकामगार आहे, त्याला ब्लॅक लंग झालाय. कोळशाची आणि दगडाची धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात बसते, फुप्फुस कडक होतं, चार पायऱ्या चढल्या की धाप लागते आणि यावर औषध नाही. १९६८ साली फार्मिंग्टनच्या खाणीत स्फोट होऊन ७८ जण गेले, पुढच्या फेब्रुवारीत वेस्ट व्हर्जिनियात ४० हजार खाणकामगार ब्लॅक लंगच्या भरपाईसाठी संपावर गेले, तेव्हा कुठे १९६९चा केंद्राचा कायदा आला. धुळीवर मर्यादा आली आणि भरपाईचा हक्कही मिळाला.

हक्क मिळाला खरा, पण आता त्याचा रस्ता बघा. कामगार केंद्राच्या श्रम खात्याकडे अर्ज करतो. खात्याने मंजूर केला तर कंपनी हरकत घेते आणि केस न्यायाधीशासमोर जाते. कंपनीचे डॉक्टर तोच एक्स-रे बघून म्हणतात हा ब्लॅक लंग नव्हेच. कामगार जिंकला तर रिव्ह्यू बोर्डाकडे अपील, तिथून फेडरल कोर्टात अपील, मधेच केस परत खाली. वर्षं जातात. आणि वकिलाला कामगाराच्या पैशातून हिस्सा घेता येत नाही, फी मिळते ती जिंकल्यावरच आणि तीही समोरच्या पार्टीकडून, त्यामुळे कंपनीकडे वकिलांची फौज आणि कामगार बहुतेक वेळा एकटा. पंधरा वर्षं खाणीत काढलेल्या आणि श्वासाने पार निकामी झालेल्या माणसाला ब्लॅक लंग आहे असं गृहीत धरायचं, हा नियम २०१० साली परत आला, म्हणजे समँथा २००८मध्ये लढतेय तेव्हा रायझरला तोही आधार नाही.

समँथाला जुन्या फाइलींमध्ये सापडतं की कंपनीच्या वकिलांना स्वतःच्याच डॉक्टरांकडून खरं काय ते कळलं होतं आणि त्यांनी तो रिपोर्ट दाबून ठेवला. हे वाचताना माझे हात खरंच थांबले. खऱ्या आयुष्यातही असंच चाललेलं होतं, क्रिस हॅम्बी या पत्रकाराने ते उघड केलं आणि त्याला पत्रकारितेचं २०१४चं पुलित्झर पारितोषिक मिळालं, म्हणजे कादंबरी आली त्याच वर्षी. एका दाबलेल्या रिपोर्टमागे तीनशे पानं धावता आली असती. कोर्टाची खोली हवी होती, साक्षीला उभा केलेला तो डॉक्टर हवा होता, उलटतपासणी हवी होती, आणि उलटतपासणी लिहावी ती ग्रिशमनेच! त्याऐवजी रायझरचा शेवट घाईघाईत येतो आणि पुस्तक पुढे सरकतं.

(दवाखान्याचं पार्किंग. ऑक्सिजनची नळी लावलेला माणूस गाडीतून उतरतोय. कॉमेंट्री नाही.)

२०१३ ते २०१७ या काळात नैर्ऋत्य व्हर्जिनियातल्या फक्त तीन दवाखान्यांमध्ये ब्लॅक लंगच्या सगळ्यात वाईट प्रकाराचे ४१६ रुग्ण निघाले. जाड थर संपत आलेत, उरलेल्या पातळ थरांसाठी आजूबाजूचा दगडही कापावा लागतो आणि त्यातली सिलिकाची धूळ कोळशाहून घातक. २०२४ला सिलिकाची मर्यादा निम्म्यावर आणणारा नियम झाला, २०२५ला त्याच्या अंमलबजावणीची तारीख पुढे ढकलली.

केंटकीत व्हाइट्सबर्गला अ‍ॅपलॅचियन सिटिझन्स लॉ सेंटर आहे, इकडे वॉशिंग्टन अँड ली युनिव्हर्सिटीत लॉचे विद्यार्थी ब्लॅक लंगच्या केसेस चालवतात. तिथले खरे वकील म्हणजे मॅटीच समजा.

पुस्तक जरूर वाचा. विमानाच्या भानगडीत फार अडकू नका, रायझर कुठे कुठे येतो ती पानं मात्र सावकाश वाचा, आणि समँथा त्याचा क्लेम कसा भरते ते बघताना पेन्सिल घेऊन बसा.