आमच्या मजल्यावर सगळे केमिस्ट्रीचे

नमस्कार, श्रोतेहो.

जून सरत आला की आपल्या खान्देशात दोन गोष्टींची वाट पाहिली जाते. एक पावसाची आणि दुसरी हॉस्टेलच्या यादीची. कपाशीची लागवड झालेली असते किंवा राहिलेली असते, आणि घरातलं एक पोरगं रोज उठून विचारतं, "यादी लागली का?" यादी लागते, नाव सापडतं, आणि मग आई दुसरा प्रश्न विचारते. "रूममधी कोण शे रे?" आज मी तेवढ्याच प्रश्नावर बोलणार आहे. रूममध्ये कोण असावं? एकाच विषयाची मुलं एकत्र ठेवावीत, की वेगवेगळ्या विषयांची?

मी दिवसा रसायनशास्त्र शिकवायचो आणि संध्याकाळी रेक्टर असायचो. अशी बरीच वर्षं गेली. आमच्याकडे रूम मिळायची ती पावतीच्या नंबरानुसार. ज्यानं आधी पैसे भरले त्याला आधीची खोली. त्यामुळे एका खोलीत एक एम.एस्सी.चा, एक समाजकार्याचा आणि एक इंजिनिअरिंगचा अशी तिघांची मोट बांधली जायची. मग सुरू व्हायचं लाईटचं भांडण. एकाची परवा परीक्षा, म्हणून त्याला रात्री दोनपर्यंत ट्यूब चालू हवी. दुसऱ्याला सकाळी सहाच्या एस.टी.नं खेड्यात फील्डवर्कला जायचं, त्याला दहा वाजता अंधार हवा. तिसऱ्याचं सबमिशन, त्यानं अख्ख्या खोलीत कागद पसरलेले. रेक्टरच्या ऑफिसात तक्रारी यायच्या, त्यातल्या निम्म्या एका ट्यूबलाईटच्या असायच्या.

एकदा एक तरुण सहकारी म्हणाला, "सर, विषयवार मजले करून टाका. अमेरिकेत तसंच असतं." माझा अमेरिकेशी संबंध तेव्हा पत्राच्या तिकिटापुरताही नव्हता, पण त्यानं सांगितलं ते ऐकून घेतलं, मागाहून वाचलंही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात अलेक्झांडर मायकलजॉन या शिक्षणतज्ज्ञानं १९२७ मध्ये एक प्रयोग केला होता. मुलं आणि त्यांचे शिक्षक एकाच वसतिगृहात. पहिलं वर्ष सगळ्यांनी मिळून प्राचीन अथेन्सचा अभ्यास करायचा, दुसरं वर्ष आजच्या अमेरिकेचा. वर्ग आणि वसतिगृह यांच्यात भिंतच नाही. १९३२ मध्ये तो प्रयोग बंद पडला, पण कल्पना टिकली. १९६७ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठानं वसतिगृहांच्या आतच छोटी कॉलेजं काढली. एका इमारतीत विज्ञानाची मुलं राहणार, तिथंच त्यांची प्रयोगशाळा, तिथंच त्यांच्या प्राध्यापकांची ऑफिसं. दुसऱ्या इमारतीत राज्यकारभार आणि सार्वजनिक धोरण शिकणारी मुलं. आज तिकडच्या अनेक विद्यापीठांत फॉर्म भरतानाच विचारतात, तुमच्या विषयाच्या मजल्यावर राहायचं का? त्या मजल्याची देखरेख करायला त्याच विषयाचा एखादा वरच्या वर्गाचा विद्यार्थी असतो.

हे ऐकताना मला मात्र मिशिगनऐवजी अमळनेर आठवलं. अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर आपल्यापैकी बऱ्याच जणांनी बाहेरून पाहिलं असेल. १९१६ मध्ये श्रीमंत प्रतापशेठांनी ते उभं केलं. तिथं देशभरातून तत्त्वज्ञानाचे अभ्यासक येऊन राहायचे, म्हणजे अक्षरशः मुक्काम करायचे. शिष्यवृत्ती मिळायची आणि दिवसभर एकच काम, वेदान्तावर विचार करायचा आणि एकमेकांशी वाद घालायचा. कलकत्त्याचे कृष्णचंद्र भट्टाचार्य १९३३ ते १९३५ तिथं संचालक होते. बंगाल, सिंध, दक्षिण अशा सगळ्या बाजूंची डोकी बोरी नदीकाठच्या त्या गावात एका आवारात नांदली. एकाच विषयाची माणसं एकत्र राहिली की काय होतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. आणि ते तापी खोऱ्यातलं आहे.

त्याच गावात, त्याच काळात, उलट्या धर्तीचंही एक वसतिगृह होतं. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. ते मुलांसाठी हातानं लिहिलेलं दैनिक काढायचे. रोज. तिथं विषय वगैरे काही नव्हते, लहान-मोठी सगळ्या वर्गांची मुलं एकत्र. त्या मुलांना एकत्र बांधणारी गोष्ट अभ्यासक्रम नव्हती, तो माणूस होता. पण प्रत्येक हॉस्टेलला साने गुरुजी मिळत नाहीत. आमच्या हॉस्टेलला तर मी मिळालो होतो.

तर आम्ही विषयवार मजले केले. तळमजला इंजिनिअरिंग, पहिला मजला विज्ञान, दुसरा मजला कला आणि समाजकार्य.

पहिल्या दोन महिन्यांत मला वाटलं, हे आधीच का नाही केलं! लाईटच्या तक्रारी जवळजवळ थांबल्या, कारण सगळा मजलाच एका वेळी जागा आणि एका वेळी झोपलेला. महागडं पुस्तक एकानं घ्यायचं आणि सहा जणांनी वाचायचं. यावल-रावेरच्या मराठी माध्यमातल्या मुलांना पहिल्या वर्षी इंग्रजी संज्ञा घशात अडकतात. वर्गात हात वर करायची लाज वाटते, पण शेजारच्या कॉटवरच्या पोराला विचारायची वाटत नाही. "भो, हे नॉर्मॅलिटी म्हणजे नेमकं काय?" हा प्रश्न माझ्या वर्गात कधी आला नाही, पण जिन्यात उभं राहून मी तो कितीदा ऐकला. उत्तर कधी लेवा बोलीत, कधी अहिराणीत मिळायचं, आणि माझ्या उत्तरापेक्षा ते चांगलं असायचं, हे मान्य करायला मला आता काही वाटत नाही.

गमतीही झाल्या. एकदा टायट्रेशनची, म्हणजे ब्युरेटच्या नळीतून थेंबथेंब द्रावण सोडून मोजायच्या प्रयोगाची, जर्नलं तपासत होतो. सगळ्या जर्नलांत रीडिंग एकच. दशांशापर्यंत एकच! ब्युरेट वेगळी, हात वेगळे, तरी रीडिंग तेच. चौकशी केली तर मूळ जर्नल एकाचं, बाकी मजला त्याच्या मागे रांगेत. सहकार्य इतकं पुढं जाईल असं माझ्या सहकाऱ्यानं अमेरिकेवरून सांगितलं नव्हतं. दुसरं असं, की व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, आदल्या रात्री अख्खा मजला एकदम घाबरतो. मिश्र खोलीत निदान एकाची तरी परीक्षा संपलेली असते. तो चहा करतो, टिंगल करतो, म्हणतो, "झोप आता, काही मरत नाहीस." आमच्या पहिल्या मजल्यावर त्या रात्री चहा करायला शहाणा असा एकही माणूस उरलेला नसायचा.

पण हे सगळं किरकोळ. खरी गोष्ट मला दिवाळीनंतर दिसली, आणि तीही मेसमध्ये.

भरिताचे दिवस होते. हिवाळ्यात आपल्याकडे भरीत पार्टी झाली नाही असं हॉस्टेल शोधून सापडायचं नाही. बामणोदची वांगी आणली, मागच्या मैदानात कपाशीच्या काड्यांवर भाजली, कळण्याच्या भाकरी. पोरं बसली. पाहतो तर तीन वेगळ्या पंगती. तळमजल्याची वेगळी, वरच्यांची वेगळी. आणि दुसऱ्या मजल्याच्या पंगतीत जवळजवळ सगळी सातपुड्यातली मुलं. धडगाव, अक्कलकुवा, मोलगी, चोपड्याच्या वरचे पाडे.

मी जरा चरकलो. कोणी मुद्दाम केलं नव्हतं, मीसुद्धा नाही. पण इंजिनिअरिंगची फी कोणाला परवडते आणि बी.ए., एम.ए.ला कोण जातं, याचा हिशेब आधीच ठरलेला असतो. आम्ही मजले विषयाप्रमाणे वाटले आणि वाटणी झाली घराप्रमाणे.

श्रोतेहो, महाराष्ट्राच्या वसतिगृहांचा इतिहास जुना आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढलं आणि मग एकेका समाजासाठी बोर्डिंगं निघत गेली. तेव्हा ते गरजेचं होतं, नाहीतर ती मुलं शिकलीच नसती. खान्देशातही अशी बोर्डिंगं होती, आजही आहेत, आणि त्यांचे उपकार मानणारी घरं गावोगाव आहेत. पण पुढं कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली आणली. एकच भाकरी, एकच पंगत. १९२७ मध्ये गांधीजींनी त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव दिलं. एवढी वाट चालून आल्यावर आम्ही नकळत पुन्हा मागच्या मुक्कामाला जाऊन बसलो होतो. दारावरची पाटी तेवढी नवी होती, 'विज्ञान शाखा', 'कला शाखा'.

मग मोडतोड केली. एक मोडतोड तर कायद्यानंच करायला लावली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांत असं आहे, की नवीन आलेल्या मुलांना शक्यतो मोठ्या मुलांपासून वेगळ्या इमारतीत ठेवावं. म्हणजे अमेरिकेसारखा वरच्या वर्गाचा दादा मजल्यावर ठेवायचा, ही कल्पना आमच्याकडे सरळ बसत नाही. रॅगिंगची भीती खरी आहे, त्यामुळे मी त्या नियमाच्या बाजूचाच आहे. आम्ही मोठ्या मुलांना संध्याकाळी सात ते नऊ अभ्यासिकेत बोलवायचो. दार उघडं, मी समोर बसलेला.

बाकी असं ठरवलं. पहिल्या वर्षी शेजारशेजारच्या दोन खोल्या एका विषयाच्या, पण तिसरी खोली दुसऱ्या विषयाची. म्हणजे नॉर्मॅलिटी विचारायला भिंतीपलीकडे कोणीतरी आहे आणि चहा करायलाही कोणीतरी आहे. मेसमध्ये कोणी कुठंही बसेल, पण स्वयंपाकघराच्या कामाच्या पाळ्या मिश्र. भाजी आणायला इंजिनिअरिंगचा एक आणि इतिहासाचा एक असे जोडीनं जाणार. वांग्याचा भाव करताना दोघांचं कसब कळतं. दुसऱ्या वर्षी मात्र ज्याला ज्याच्यासोबत राहायचं त्यानं अर्ज करायचा.

हे बरोबर की चूक, यावर माझे सहकारी अजूनही वाद घालतात. काही म्हणतात, अभ्यास हवा असेल तर विषयवारच ठेवा, बाकीचं समाजकार्य तुमचं तुम्ही करा. मी त्यांना म्हणतो, जळगावच्या आपल्या विद्यापीठाकडेच पाहा. १५ ऑगस्ट १९९० ला ते स्थापन झालं, २०१८ मध्ये त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं, जळगाव, धुळे आणि नंदुरबार अशा तीन जिल्ह्यांची मुलं तिथं येतात. तीन जिल्हे, चार-पाच बोली. या मुलांना एकमेकांशी गाठ घालून देण्याची जागा वर्गात नसते, ती खोलीतच असते, असं माझं मत. ते बदललेलं नाही.

त्या दुसऱ्या वर्षीच्या अर्जांपैकी एक मी जपून ठेवला आहे. केमिस्ट्रीचा एक मुलगा, चोपडा तालुक्यातला, आणि इतिहासाचा एक, मोलगीकडचा. दोघांनी मिळून एक खोली मागितली होती. अर्जात कारण लिहायची जागा होती. तिथं लिहिलं होतं, "याची झोप गाढ आहे. माझा लाईट रात्रभर चालतो." खाली दोघांच्या सह्या.

मी लगेच मंजूर केला.

नमस्कार.