कान्हेरीचा उतार

नमस्कार श्रोतेहो. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जायचं ठरवलं असेल तर सोमवार सोडून जा. सोमवारी बंद असतं, आमचा एकदा हेलपाटा झालाय. १०० चौरस किलोमीटरहून मोठं हे जंगल, आत तुळशी आणि विहार तलाव, शिवाय बिबटे. आणि थेट कान्हेरी गाठा. दरवाज्यापासून सहा-सात किलोमीटर आहे, बस मिळते. गाणी वाजवायचा तो स्पीकर मात्र घरी ठेवा. जंगलात येऊन तीच गाणी ऐकायची तर घरची गॅलरी काय वाईट होती?

कान्हेरीला १०० हून अधिक लेणी आहेत. कोरायला सुरुवात झाली दोन हजार वर्षांपूर्वी. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत दोन्ही बाजूंना बुद्धाच्या उंचच उंच मूर्ती आहेत, त्या बघा. आम्ही पहिल्या खेपेला नाही बघितल्या. कारण माझे मामा.

मामांनी उभा जन्म चाळींच्या नळजोडण्यांत काढला. जुलैचा महिना, धो धो पाऊस. वरच्या अंगाच्या एका लेण्यापाशी ते थबकले ते थबकलेच. कातळात बोटभर रुंदीची पन्हळ कोरलेली, तिचं पाणी खाली टाक्यात पडत होतं. इथल्या शिलालेखांत अशा टाक्यांना 'पोढी' म्हटलंय. बहुतेक विहारांजवळ, म्हणजे भिक्षूंच्या राहायच्या लेण्यांजवळ, एखादी असतेच. लक्षात ठेवा, पोढी.

मामांनी कारवीचं एक पडलेलं पान उचललं, पन्हळीत सोडलं. पान सुळकन निघालं, वळणावर जरा अडखळलं, फिरलं आणि टपकन टाक्यात. मामांनी दुसरं सोडलं. मग तिसरं.

"उतार बघ! लेव्हल-ट्यूब नाही, काही नाही!"

मामी छत्रीखाली पोळीभाजीचा डबा सांभाळत उभ्या. "अहो, मूर्ती बघायच्यात ना? शेवटची बस जाईल."

"मूर्ती कुठे जातायत?" मामा म्हणाले आणि उकिडवे बसून बोटानं पन्हळ चाचपत राहिले. खालून आलेली कॉलेजची चार पोरंही पानं सोडायला लागली. मूर्ती राहिल्या, बस कशीबशी मिळाली.

मामांच्या बिल्डिंगच्या गच्चीला त्याच उन्हाळ्यात नवं वॉटरप्रूफिंग केलं होतं, भरपूर पैसे मोजून. घरी पोचल्यावर मामा चहाही न घेता गच्चीवर गेले. खिशातून कारवीचं ओलं पान काढून त्यांनी तिथल्या पाण्यात सोडलं.

पान जागचं हललं नाही.