मे महिन्यातलं भंडारदरा

नमस्कार मंडळी, सुट्ट्या लागल्यात, घरात मुलं मोबाईल सोडत नाहीयेत, आणि प्रत्येक घरात एकच प्रश्न चाललाय की जायचं कुठे. महाबळेश्वरला ट्रॅफिक, लोणावळ्याला त्याहून ट्रॅफिक. तर आज मी तुम्हाला नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात घेऊन जाणार आहे. भंडारदरा. आता कोणीतरी लगेच म्हणेल, अहो भंडारदरा पावसाळ्यात बघायचं असतं, उन्हाळ्यात तिथे काय आहे, सगळं करपलेलं. मला हे वाक्य अजिबात पटत नाही. पावसाळ्यात तुम्ही तिथे गाडीच्या काचेतून धुकं बघता आणि रस्त्याच्या कडेला मका खाता. पायी हिंडायचं, कातळावर हात टेकून चढायचं, दरीत उतरायचं तर दगड कोरडा लागतो, आणि तो मे महिन्यात कोरडा मिळतो.

फक्त घड्याळ बदलावं लागतं. दहा वाजता नाश्ता करून कळसूबाई चढायला निघालात तर अर्ध्या वाटेत जीव नकोसा होईल आणि मग मला शिव्या घालाल. कळसूबाई म्हणजे महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, 1646 मीटर, पायथ्याचं गाव बारी. बारीतून पहाटे अंधारातच निघायचं, डोक्याला टॉर्च, प्रत्येकाकडे निदान तीन लिटर पाणी, वाटेत पाणी मिळेल या भरवशावर राहायचं नाही. अवघड कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत, त्या दुपारी इतक्या तापतात की हात लावायला नको वाटतो, पहाटे मात्र छान गार असतात. वर कळसूबाईचं छोटंसं देऊळ, आणि हवा स्वच्छ असली तर एका बाजूला अलंग-मदन-कुलंग हे किल्ले, दुसऱ्या बाजूला खाली पसरलेला जलाशय आणि त्याच्या पलीकडे रतनगड. मे मध्ये हवा बऱ्याचदा धुरकट असते हे पण सांगून ठेवते, उगाच फोटोंच्या अपेक्षेने जाऊ नका. उतरताना गावातल्या बायका लिंबू सरबत घेऊन बसलेल्या असतात, तिथे घासाघीस करू नका हो, ते पाणी कोणीतरी खालून डोक्यावर वाहून आणलेलं असतं.

आता त्या जलाशयाबद्दल. प्रवरा नदीवरचं हे धरण इंग्रजांच्या काळातलं, 1926 साली पुरं झालं, धरणाला विल्सन डॅम म्हणतात आणि तलावाला आर्थर लेक, साठा साधारण 11 टीएमसी. पण हे पाणी पर्यटकांसाठी साठवलेलं नाहीये, ते खाली अकोले, संगमनेर, श्रीरामपूरच्या शेतीचं पाणी आहे, उन्हाळी आवर्तन सुटलं की तलाव झपाट्याने उतरतो. त्यामुळे मे मध्ये काठ बराच आत गेलेला दिसतो आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर तंबू लागतात. तंबूत राहायला मजा येते, पहाटे पाण्यावरून गार वारा येतो, पण पोहायला उतरू नका. वरून कोरडा दिसणारा काठ खाली गाळाचा असतो, पाय रुतला की निघत नाही, आणि तळ अचानक खोल होतो. बोटीत बसायचं असेल तर लाईफ जॅकेट घालूनच, बोटवाला "काही होत नाही ताई" म्हणाला तरी. रंधा धबधब्याचं पण तसंच, वरून पाणी सोडलेलं असेल तर बघण्यासारखा, नसेल तर नुसता कडा, त्यामुळे आधी गावात विचारूनच जा.

दुपारी काय करायचं? माझं उत्तर आहे सांदण दरी. साम्रद गावाजवळ जमिनीला पडलेली ही एक प्रचंड भेग आहे, दोन्ही बाजूंना सरळ उभ्या कातळभिंती, काही ठिकाणी इतकी अरुंद की ऊन जेमतेम तासभर खाली पोचतं, त्यामुळे बाहेर रखरखाट असताना आत सावली. पावसाळ्यात इथे उतरणं म्हणजे मरणाला आमंत्रण, सगळं डोंगरावरचं पाणी याच भेगेतून कोकणाकडे धावतं. उन्हाळ्यात सुरुवातीला एक-दोन ठिकाणी साठलेलं पाणी लागतं, तेवढं पार केलं की पुढे मोठमोठ्या शिळांवरून उड्या मारत जायचं. मुलांना हे फार आवडतं, मोठ्यांचे गुडघे बोलायला लागतात ते सोडा. पुढे शेवटाला कडा आहे, तिथे दोर लावून उतरणारे अनुभवी लोक असतात, बाकीच्यांनी तिथूनच परत फिरावं. गावातला वाटाड्या घ्याच. आणि मोठ्याने गाणी, परफ्यूम, धूर, हे सगळं बाहेर ठेवा, कड्यांवर आग्या मोहोळं असतात, ती उठली तर त्या अरुंद जागेत पळायला वाट नाही.

घरी आजी-आजोबा असतील तर त्यांना रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळात न्या, जुनं कोरीव दगडी बांधकाम आहे, आत गारवा, शेजारी पुष्करणी, त्या एका देवळासमोर दोन तास सहज जातात. रतनगडाची वाट इथूनच, बरीचशी जंगलातून, माथ्यावर कड्याला आरपार पडलेलं नेढं आहे, वारा असा सुटतो की टोपी गेलीच समजा. वाटेत करवंदाच्या जाळ्या, जांभळं, आणि गावात आधी सांगून ठेवलं तर नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा. या भागात वस्ती महादेव कोळी आणि ठाकर समाजाची, त्यांच्याच घरी जेवा, हॉटेलातलं पनीर तुम्हाला पुण्यातही मिळतं.

आणि आता ज्यासाठी मी हा सगळा वेळ मागून घेतलाय ते, काजवे. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पहिला जोराचा पाऊस पडेपर्यंत, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत या पट्ट्यात हिरडा, बेहडा, सादडा, उंबर अशी झाडंच्या झाडं लुकलुकायला लागतात. काजव्याची अळी कित्येक महिने ओलसर मातीत गोगलगायी खाऊन वाढते आणि पंख फुटल्यावर त्याला मिळतात जेमतेम दोन-तीन आठवडे. तेवढ्यात नराने चमकायचं, खाली गवतात-पानावर बसलेल्या मादीने उत्तर द्यायचं, जोडी जमायची, अंडी घालायची. आणि नेमकं तेव्हाच आपण हेडलाईट लावून गाड्यांची रांग लावतो, मोबाईलचे टॉर्च मारतो, झाडाखाली गवतात उभं राहून सेल्फी काढतो, म्हणजे वर नराला दिसू देत नाही आणि खाली मादीला तुडवतो. मला विचाराल तर शनिवार-रविवार टाळाच. अमावस्येच्या आसपासचा मधला वार बघा, अंधार पडायच्या आधी पोचा, गाडी गावात लावा, लाईट बंद, रस्ता सोडून गवतात पाय नाही. फोटो मोबाईलवर येतच नाही नीट, उगाच धडपडू नका.

हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, नाक्यावर वनखात्याची पावती फाडावी लागते, काजव्यांच्या दिवसांत आत जायच्या-यायच्या वेळा ठरलेल्या असतात, त्या आधी विचारून घ्या. सुकलेलं गवत एका विडीने पेटतं तेव्हा शेकोटी नकोच. मुंबई-नाशिककडून येणाऱ्यांनी घोटीवरून वळायचं, पुण्याकडून संगमनेर-अकोले, मुक्काम धरणाजवळच्या शेंडी गावात. पेट्रोल आणि रोख पैसे घोटीत किंवा अकोल्यातच घेऊन ठेवा, आत रेंज जाते आणि मग गुगल पे चालत नाही. चला, बातम्यांची वेळ झालीये, त्यानंतर तुमच्या फर्माईशी आहेतच.