नेटी स्टीव्हन्स आणि विसावं गुणसूत्र

[दृश्य: कोंड्यातल्या अळ्या, मग सूक्ष्मदर्शकाखालची पेशी]

जुन्या पिठात, कोंड्यात होणारी ही पिवळट अळी. पुढे हिचा काळा भुंगेरा होतो, टेनेब्रिओ मॉलिटर. नराच्या पेशीतली गुणसूत्रं, म्हणजे आनुवंशिक गुण वाहून नेणारे धागे, मोजली तर वीस भरतात: एकोणीस मोठी आणि एक अगदी बारीक. मादीतही वीसच, पण सगळी मोठी.

१९०५ साली ही नोंद प्रसिद्ध केली नेटी स्टीव्हन्स यांनी. अमेरिकेतल्या ब्रिन मॉर कॉलेजात त्या संशोधन करत होत्या. जन्म १८६१चा. आधी शाळेत शिकवलं, पस्तिशीत स्टॅनफर्डला प्रवेश घेतला, डॉक्टरेट मिळाली तेव्हा चाळिशी उलटली होती.

नर होणार की मादी, हे आहारावर आणि तापमानावर ठरतं असं तेव्हा अनेक जीवशास्त्रज्ञ मानत. क्लॅरेन्स मॅक्लंग यांनी टोळांतल्या एका जोडीविना असलेल्या गुणसूत्राचा लिंगाशी संबंध जोडला होता. पण ते नराकडे जातं, असं त्यांनी धरलं. प्रत्यक्षात उलट होतं. माद्यांची मोजणी बिनचूक झाली असती, तर ही चूक तिथेच सापडली असती.

[दृश्य: मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप घेणाऱ्या यंत्रावर, मेणाचा ठोकळा]

आणि मोजणीच तर अवघड. वृषण काढल्याबरोबर ते स्थिरक द्रावणात, म्हणजे पेशी आहे तशी टिकवणाऱ्या द्रावणात, पडायला हवं. उशीर झाला की गुणसूत्रं एकमेकांना चिकटून गोळा होतो. मग चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून पाणी काढायचं, ऊतक पॅराफिनमध्ये मुरवायचं आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही पातळ काप घ्यायचे. रंग लोह-हिमॅटॉक्सिलिनचा. आधी मुद्दाम गडद चढवायचा, मग लोहयुक्त तुरटीच्या द्रावणात, मधूनमधून सूक्ष्मदर्शकाखाली बघत, उतरवायचा. लवकर थांबलं तर सगळं केंद्रक काळं दिसतं. जास्त उतरवलं तर बारीक गुणसूत्र दिसेनासं होतं.

दुसरा धोका सुरीचा. पेशी दोन कापांत विभागली गेली की एखादं गुणसूत्र शेजारच्या कापात जातं. इथे ते बारीक गुणसूत्र निसटलं असतं, तर नरात एकोणीस मोजली गेली असती आणि हा भुंगेराही टोळासारखाच वाटला असता. म्हणून पूर्ण पेशी एकाच कापात हवी, गुणसूत्रं एका पातळीत पसरलेली हवीत आणि ती समोरून दिसायला हवीत. कडेने पाहिली तर एकामागे एक लपतात. अशा पेशी शोधायच्या, त्या रेखाटायच्या, पुन्हा मोजायच्या.

[दृश्य: शुक्राणूंच्या दोन प्रकारांची आकृती]

शुक्राणू तयार होताना ते बारीक गुणसूत्र एका मोठ्याशी जोडी जमवतं आणि मग दोघं वेगळी होतात. निम्म्या शुक्राणूंत दहा मोठी, निम्म्यांत नऊ मोठी नि एक बारीक. अंड्यात मात्र दहाही मोठी. पण एवढ्यावर थांबलं असतं तर तो तर्कच राहिला असता. स्टीव्हन्स यांनी नर आणि मादी, दोघांच्या शरीरपेशीही तपासल्या आणि हिशेब तंतोतंत जुळला. बारीक गुणसूत्राचा शुक्राणू नर घडवतो, दुसरा मादी.

माणसातही हा फरक शुक्राणूतच असतो. आपल्याकडे मुलगी झाली की सुनेला बोल लावतात. त्याला जीवशास्त्राचा काडीचाही आधार नाही.

त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठात एडमंड विल्सनही स्वतंत्रपणे याच दिशेने पोहोचले होते. त्यांचं श्रेय खरंच आहे. पण परिस्थितीच्या प्रभावाला त्यांनी जागा ठेवली होती. स्टीव्हन्स यांचा निष्कर्ष जास्त ठाम होता. १९०८मध्ये फळमाशीच्या नरातही त्यांनी अशीच असमान जोडी दाखवली. ती माशी पुढे थॉमस मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेमुळे जगभर गाजली.

४ मे १९१२ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, स्तनाच्या कर्करोगाने स्टीव्हन्स गेल्या. ब्रिन मॉरने खास त्यांच्यासाठी निर्माण केलेलं संशोधन-प्राध्यापकपद त्यांना स्वीकारता आलंच नाही. मृत्युलेख लिहिला त्यांचे एकेकाळचे शिक्षक मॉर्गन यांनी. एका महत्त्वाच्या शोधात त्यांचा वाटा होता, असं त्यात आहे. हे फार कमी झालं. बारीक गुणसूत्राच्या मोजणीतून त्यांनी निष्कर्ष मांडला १९०५मध्ये; लिंग गुणसूत्रांवर ठरतं हे खुद्द मॉर्गन यांना पटायला १९१० साल उजाडावं लागलं.